मोबाईलवरचे पत्ते : आधी पारखा, मग वाटा



सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्याआधी आपण काय करतो? १०० दाणे मोजून घेतो, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि आठवड्याने किती उगवले ते पाहतो. ७० किंवा त्याहून जास्त दाणे उगवले, तर ते बियाणे पेरायचे. शेजाऱ्याने मागितले, तर त्यालाही तेव्हाच द्यायचे. न तपासता दिलेले बियाणे फसले, तर शेजाऱ्याचा हंगाम जातो आणि आपला शब्दही जातो.

आज मात्र मी बियाण्याविषयी बोलणार नाही. आपण मोबाईलवर एकमेकांना जे संकेतस्थळांचे, म्हणजे वेबसाइटचे पत्ते पाठवतो, त्यांच्याविषयी बोलणार आहे. त्यांचीही उगवण तपासावी लागते, बरं का!

आमच्या शेजारच्या गावातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. त्यांना निरोप आला, "तुमचा पीएम किसानचा हप्ता थांबला आहे. सोबतची फाइल उघडा आणि माहिती भरा." निरोप कुणा अनोळखी माणसाचा नव्हता, सख्ख्या भाच्याचा होता. भाच्यालाही तो कुठून तरी आला होता. मामाचे काम व्हावे म्हणून त्याने पुढे पाठवला. मामांनी फाइल उघडली, विचारले ते सगळे भरले. संध्याकाळपर्यंत कापसाच्या पट्टीचे पैसे खात्यातून गेले. भाच्याच्या मनात पाप नव्हते. पण पैसे गेले ते गेलेच, आणि दिवाळीला भाचा मामाच्या घरी आला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग मोबाईल बंदच करून ठेवावा का? मुळीच नाही. विहिरीत कुणी पडले म्हणून आपण विहीर बुजवत नाही, कठडा बांधतो. तो कठडा कसा बांधायचा ते पाहू.

पत्ता शेवटाकडून वाचा

टपालाच्या पत्त्यात गाव आणि जिल्हा शेवटी असतात, आणि पत्र कुठे जाणार हे त्यावरच ठरते. संकेतस्थळाचेही तसेच आहे. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्या. त्यानंतर पुढची तिरपी रेघ येईपर्यंतचा भाग हा खरा पत्ता. त्याचा शेवट पाहा. तिथे 'जीओव्ही डॉट इन' असेल, तर ते सरकारी ठिकाण आहे, कारण हा शेवट फक्त सरकारी कार्यालयांनाच मिळतो. भामटे 'पीएम किसान' हे नाव पुढे लावतात, मध्ये आडवी रेघ देऊन 'जीओव्ही'सुद्धा घुसवतात, पण शेवटी 'डॉट कॉम' किंवा दुसरेच काही असते. नावावर जाऊ नका, शेपटाकडे पाहा.

मात्र शेपूट वेगळे दिसले म्हणजे ठिकाण खोटेच, असेही नाही. आपल्या राज्य कृषी पणन मंडळाचा पत्ता 'एमएसएएमबी डॉट कॉम' असा आहे आणि तो खरा आहे. अशा वेळी बाजार समितीत किंवा कृषी सहायकाला विचारून खात्री करावी.

कामाची ठिकाणे

पहिले ठिकाण महाभूलेख. जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर दिला की आपला ७/१२ आणि ८अ घरबसल्या पाहता येतो. हा उतारा नुसता पाहण्यासाठी असतो. कर्जाला किंवा कोर्टाच्या कामाला डिजिटल सही असलेला उतारा लागतो. तो महाभूमीच्या डिजिटल सातबारा या ठिकाणी १५ रुपये भरून मिळतो. वर्षातून दोन-तीनदा तरी आपला उतारा उघडून पाहावा. पीक बरोबर लागले आहे का, बोजा फेडूनही तसाच राहिला आहे का, हे वेळेवर कळते.

दुसरे, भारतीय हवामान विभागाचे 'मौसम'. येथे जिल्ह्यांचा रंगीत नकाशा असतो. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, आणि लाल म्हणजे ताबडतोब हालचाल करा. द्राक्षावर फवारणी आज करायची की उद्या, कापलेला हरभरा शिवारात ठेवायचा की झाकायचा, हे ठरवायला याचा उपयोग होतो.

तिसरे, बाजारभाव. पणन मंडळाच्या ठिकाणी आणि केंद्र सरकारच्या 'अॅगमार्कनेट'वर बाजार समितीवार भाव मिळतात. पण भाव वाचायची एक रीत आहे. कांद्याचा कमाल दर पाहून हुरळून गाडी भरू नका. तो दर कदाचित चार निवडक गोण्यांना मिळालेला असतो. सर्वसाधारण दर पाहा आणि शेजारी आवक किती आहे तेही पाहा. आवक तीन-चार दिवस चढत असेल, तर भाव पुढे सरकणे कठीण.

विरंगुळ्याची ठिकाणे

कामाइतकाच विरंगुळाही हवा. वाईला तयार झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते. तो आता मोबाईलवर फुकट वाचता येतो. मुलाने विचारले, "आबा, वीज का पडते?" तर दोघांनी मिळून शोधावे. मुलाला उत्तर मिळते आणि आबांनाही!

'गूगल अर्थ'वर आपले शिवार आकाशातून दिसते. आपली विहीर, ओढ्याचे वळण, बांधावरचा आंबा ओळखून काढण्यात संध्याकाळ कशी जाते ते कळत नाही. मात्र त्यावरून बांधाचे भांडण उकरून काढू नये. हद्द ठरते ती सरकारी मोजणीनेच.

आणि माझ्या सर्वांत आवडीचे ठिकाण 'पारी', म्हणजे ग्रामीण भारताचे एक मोठे संग्रहालय. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या आहेत, हजारावर गावांतल्या. २०१७ सालापासून त्या पारीवर येऊ लागल्या. पुष्कळ ओव्या त्या बायांच्याच आवाजात ऐकायला मिळतात. 'जात्यावरच्या ओव्या पारी' असे मराठीत बोलून शोधा. घरात म्हातारी आई असेल, तर तिच्याजवळ बसून लावा. बहुधा ती ऐकता ऐकता स्वतःच पुढची ओवी सांगू लागेल. ती मात्र वहीत उतरवून ठेवा.

वाटायचे कसे?

चांगले सापडले की चारचौघांना सांगावेसे वाटते. जरूर सांगा, पण आधी स्वतः उघडून पाहा. मग पत्त्याबरोबर दोन ओळी लिहा : येथे काय मिळते, पैसे लागतात की नाही, आणि मी अमुक तारखेला उघडून पाहिले आहे. एवढे लिहायचा कंटाळा आला, तर तो पत्ता पुढे पाठवू नये.

दुसरी गोष्ट, भावाचे किंवा हवामानाचे चित्र पाठवू नका, ठिकाण सांगा. चित्र शिळे होते. गेल्या वर्षीचा लाल नकाशा या वर्षी फिरतो आणि माणसे घाबरून अर्धवट पिकलेला माल काढतात. ठिकाणावर जाऊन पाहिले, तर तारीख समोर असते.

दूध डेअरीच्या किंवा सोसायटीच्या भिंतीवर तपासलेल्या आठ-दहा ठिकाणांची यादी मोठ्या अक्षरांत लावावी. गावातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी दर महिन्याला ती उघडून पाहावी. बंद पडलेले ठिकाण खोडावे, नवे लिहावे. ज्यांच्याकडे मोठा मोबाईल नाही, त्यांनाही यातून भाव आणि हवामान विचारता येईल.

लक्षात ठेवा

१. निरोपातून आलेली 'एपीके' फाइल उघडू नका, मग ती भावाने पाठवलेली असो.

२. शोधल्यावर सर्वांत वर 'प्रायोजित' असे लिहिलेले दिसले, तर ती जाहिरात आहे. ती सोडून खाली पाहा.

३. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. जो पिन मागतो, तो पैसे काढणारा.

४. फसवणूक झालीच, तर लाजू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे दूर.

५. शेतीची अडचण असेल, तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक फुकट आहे.

जाता जाता एवढेच सांगतो. तो भाचा आणि मामा आता पुन्हा बोलू लागले आहेत. भाचा आजही मामांना पत्ते पाठवतो, पण खाली लिहितो, "मामा, मी स्वतः उघडून पाहिलंय." तुम्हीही तसेच लिहीत जा.