लेकराची छाती वाजू लागली तर

(पनागर येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या कुटुंब मेळाव्यात शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



युनियनचा सेक्रेटरी बोलायला उभा राहिला की वेतन आयोग, पेन्शन आणि रिक्त जागा हेच ऐकावे लागणार, असे तुम्ही धरून चालता. आज ते विषय बाजूला ठेवले आहेत. थंडी पडली आहे, पनागरच्या शिवारात मटार तोडणीला आला आहे आणि आपल्या वस्तीत घराघरांतून लेकरांचा खोकला ऐकू येतो आहे. मी मॅट्रिक झालेला माणूस, डॉक्टर नव्हे. परंतु कामगाराचे मूल रात्री दोन वाजता धापू लागते तेव्हा बाप ड्यूटीवर असतो, आई एकटी असते आणि तिच्या हाताशी असते ती फळीवरची खोकल्याची बाटली. म्हणून हा विषय युनियनचा आहे.

आधी त्या बाटलीविषयी. आमला-छिंदवाडा मार्गावरचे परासिया तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्या भागात साधा सर्दी-ताप-खोकला झालेल्या मुलांना 'कोल्ड्रिफ' नावाचे सिरप दिले गेले. मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. आईबापांनी त्यांना नागपूरला पळवले, तरी वीसहून अधिक बालके दगावली. तपासणीत त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन ४८.६ टक्के निघाले. ०.१ टक्क्याच्या वर ते चालत नाही. औषध बनले तामिळनाडूत कांचीपुरमला, आणि छिंदवाड्याला माल गेला तो आपल्याच जबलपूरच्या घाऊक बाजारातून. वयस्कर साथींना मुंबईचे जे. जे. रुग्णालय आठवत असेल. १९८६ मध्ये तिथे ग्लिसरिनमध्ये हेच विष निघाले होते, १४ रुग्ण मेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. एवढ्या वर्षांनी तेच विष पुन्हा पोरांच्या पोटात गेले. कारखानदाराला आणि तपासणी यंत्रणेला जाब विचारलाच पाहिजे, त्यात दुमत नाही.

पण त्यातली दुसरी गोष्ट आईबापांनी ध्यानात घ्यावी. ते सिरप शुद्ध असते तरी छाती वाजणाऱ्या मुलाच्या कामाचे नव्हते. त्यातल्या सर्दीच्या दोन औषधांची जोडी चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्राने डिसेंबर २०२३ मध्येच काढला होता. ३ ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा कळवले गेले की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत.

छाती वाजते म्हणजे काय होते? आपल्याला ब्रेकचा होज पाइप ठाऊक आहे. फुप्फुसातल्या नळ्या तशाच आहेत, फक्त बाळाच्या फार बारीक. सर्दीच्या विषाणूने नळीला आतून सूज येते, चिकट कफ धरतो आणि भोवतीचा स्नायू आवळतो. नळीचा व्यास निम्मा झाला तर हवेला होणारा अडथळा सुमारे सोळा पट होतो. श्वास आत येतो, बाहेर पडताना अडकतो, आणि म्हणून श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. मोठ्या माणसाला ज्या सर्दीने दोन शिंका येतात, त्याच सर्दीने सहा महिन्यांचे बाळ बेजार होते ते यामुळेच. खोकला दाबणाऱ्या सिरपने ही नळी उघडत नाही. विषाणूवर अँटिबायोटिकही चालत नाही, ते लागते की नाही हे डॉक्टरने ठरवावे. आणि एकदा छाती वाजली म्हणजे पोराला जन्माचा दमा लागला असेही नाही. पुष्कळ मुलांचा हा त्रास पाच-सहा वर्षांपर्यंत आपोआप सुटतो. वारंवार होत असेल, रात्री उठवत असेल, घरात कोणाला दमा असेल, तर मात्र दाखवून घ्यावे.

आता घड्याळाचे काम. आपण सेकंदावर गाड्या सोडणारी माणसे आहोत. मूल शांत किंवा झोपलेले असताना पोटावरचा कपडा वर करा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त भरले तर श्वास जलद आहे, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला इकडे पसली चलना म्हणतात आणि आपण पोट उडणे म्हणतो, तर सकाळची वाट पाहू नये. मूल दूध-पाणी घेईनासे झाले, ओठ निळसर पडले, झटके आले, मूल निपचित पडले किंवा श्वास आत घेतानाच घोरल्यासारखा आवाज आला, तर १०८ ला फोन करावा आणि मिळेल त्या वाहनाने निघावे. धापणारे मूल एकाएकी गप्प झाले तर बरे वाटले असे समजू नका. ते थकलेले असते.

मटारच्या हंगामाचा एक धोका वेगळा सांगतो. चांगले खेळणारे मूल मटार किंवा शेंगदाणे खाताना ठसकले आणि त्यानंतर छाती वाजू लागली, तर दाणा श्वासनळीत गेला असे धरून चाला. मागाहून खोकला थांबला तरी दवाखान्यात न्या. लहानांना अख्खे दाणे देऊच नयेत.

छातीला खरा उतार देते ते नळी सैल करणारे औषध, आणि ते श्वासावाटे देणे उत्तम, म्हणजे आपण ज्याला पंप म्हणतो ते. पंपाची सवय लागते, ही भीती आपल्या लोकांत फार आहे आणि ती खोटी आहे. पंपातले औषध थेट नळीत जाते, म्हणून मात्रा थोडी पुरते. तोंडावाटे द्यायचे असेल तर जास्त औषध अंगभर फिरवावे लागते. मात्र लहान मुलाला पंप नुसता तोंडात मारून चालत नाही. आमच्या एका ट्रॅकमन साथीच्या अडीच वर्षांच्या मुलीला एका दवाखान्यातून पंप मिळाला, पण त्याच्याबरोबरची पोकळ नळी, म्हणजे स्पेसर, आणि मास्क मिळाला नाही. आई बिचारी जिभेवर औषध मारत राहिली आणि महिनाभराने घरचे म्हणू लागले की पंप बेकार आहे. नळी आणली, तोच पंप लागू पडला.

पंप हलवावा, नळीत बसवावा, मास्क नाका-तोंडावर घट्ट धरावा, एकदाच दाबावे आणि मुलाला पाच-सहा श्वास घेऊ द्यावे. दुसरी मात्रा असेल तर पुन्हा हलवून. किती वेळा, हे डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्यावे, म्हणजे बाप लाइनवर असला तरी घरात अडत नाही. प्लास्टिकची नळी साबणाच्या पाण्यात बुडवून तशीच वाळू द्यावी. फडक्याने पुसल्यास औषध आतल्या बाजूला चिकटते. नळी मिळतच नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून तशी नळी करता येते. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या डॉक्टरांनी मुलांवर तिची तुलना करून पाहिली, विकतच्या नळीइतकाच गुण आला. हे १९९९ मध्ये छापून आले आहे. डॉक्टर किंवा सिस्टरकडून मात्र एकदा तपासून घ्या.

घरगुती उपायांत कोमट पाणी, अंगावरचे दूध आणि एक वर्षावरील मुलाला चमचाभर मध, एवढे पुरे. एक वर्षाखाली मध नको. नाकात तेल सोडू नका, उकळत्या पाण्याच्या वाफेने मुले भाजतात. आणि चटके? शहडोल आपल्यापासून किती लांब आहे? २०२३ च्या फेब्रुवारीत तिथे न्यूमोनिया झालेल्या तीन महिन्यांच्या मुलीला गरम सळईने डागले, ती वाचली नाही. आपल्या मेळघाटातही लेकरांच्या पोटावर असे चटके देतात. डागणाऱ्या बाईला शिव्या देऊन हे थांबत नाही, जवळ दवाखाना असावा लागतो.

पुरुषांसाठी एक वाक्य कडू आहे. खोलीत बिडी ओढायची आणि पोराच्या खोकल्यावर पैसे घालायचे, हा हिशेब जमत नाही. बंद खोलीतली सिगडी, डासांची कॉइल आणि उदबत्ती यांचा धूरही तोच. क्वार्टरच्या भिंतींना पावसाळ्यात जी ओल आणि बुरशी धरते, ती काढून घेणे हे युनियनचे काम आहे. ज्यांच्या भिंती ओल्या आहेत त्यांनी क्वार्टर नंबर आजच लिहून द्यावा.

आपली मागणी लेखी गेली आहे: पाच वर्षांखालील मुलाला पंप लिहिला की मास्कसह नळी दवाखान्यातूनच मिळावी आणि ती कशी वापरायची ते आईला तिथेच दाखवावे. टपालातल्या साथींनी सीजीएचएसकडे हीच मागणी लावून धरावी. उत्तर अजून यायचे आहे. दरम्यान शाखेने दोन नळ्या आणल्या आहेत. चहा झाल्यावर सिस्टर एका बाहुलीला मास्क लावून दाखवतील. तान्ही मुले घेऊन आलेल्या भगिनींनी पुढे बसावे, आणि बापांनीही उठून जाऊ नये.