दात पांढरे करण्यापूर्वी



वधू-वर मेळाव्यासाठी फोटो काढताना आपल्या काही मुली तोंड मिटून बसतात, हे आपण पाहतो. मग घरी लिंबू-मीठ, कोळसा, विटेची भुकटी सुरू होते. लिंबाच्या आम्लाने दाताचे वरचे कवच झिजते. ते पुन्हा येत नाही. आतला पिवळा थर दिसू लागतो. म्हणजे पांढरे करायला गेलो आणि पिवळे करून बसलो!

डाग कशाचा, ते आधी दंतवैद्याला विचारावे. चहा, तंबाखू, मिश्रीचा थर मशीनने साफ होतो. पुष्कळदा तेवढ्यानेच भागते. यवतमाळ, चंद्रपूरकडे काही गावांत पाण्यातील फ्लोराइडमुळे लहानपणीच दातांत तपकिरी पट्टे उमटतात. ते घासून जात नाहीत. त्यात त्या मुलीचा काय दोष?

ब्लीचिंग पेरॉक्साइडने होते. दवाखान्यात औषध तीव्र, काम लवकर, खर्च जास्त. घरी करायचे तर डॉक्टर दातांच्या मापाचा ट्रे देतात. त्यात साधारण १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड भरून रात्री लावायचे, दोनेक आठवडे. तोवर गार पाणी दातांना झोंबते. कॅपचा रंग बदलत नाही. गरोदरपणी हे टाळावे.

तंबाखूयुक्त दंतमंजनावर १९९२ साली बंदी आली. पण मिश्री आपल्या आया-बहिणी घरीच तव्यावर भाजतात, तिथे कायदा काय करणार? ती चालू ठेवली तर ब्लीचिंगचे पैसे पाण्यात. आणि हिरडीवर किंवा गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, तर दात राहू द्या, आधी तो डॉक्टरांना दाखवा.