तरुण लोकसंख्याशास्त्रज्ञ आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय संघ



मुंबईच्या उपनगरांचे वर्णन बहुधा तेथील गर्दीवरूनच केले जाते. घाटकोपरपासून फार दूर नसलेल्या देवनार येथे, गोवंडी स्थानकाजवळ, या गर्दीचाच शास्त्रीय दृष्टीने विचार करणारी एक संस्था आहे. ती म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. सर दोराबजी टाटा ट्रस्ट, भारत सरकार आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्या संयुक्त पुरस्काराने 1956 साली ती स्थापन झाली. तिला 1985 साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आशिया व पॅसिफिक विभागातील देशांसाठी ती प्रशिक्षणाचे प्रादेशिक केंद्र आहे. त्यामुळे मराठवाड्यातून आलेला पदवीधर येथे परदेशी विद्यार्थ्याच्या शेजारी बसून जन्मदर आणि मृत्युदर यांचे गणित शिकू शकतो.

संशोधनाच्या प्रारंभीची वर्षे कठीण असतात. विषय अरुंद, मार्गदर्शक एक, साधने मर्यादित आणि नोकरीची शाश्वती नाही, अशी बहुतेकांची अवस्था असते. त्याहून मोठी अडचण निराळीच आहे. समजा, एखाद्या तालुक्यात बालमृत्यूंचे प्रमाण कमी आढळले. तेथील आरोग्यसेवा सुधारल्याचे ते लक्षण मानावे, की जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत दगावलेल्या अर्भकांची नोंदच झाली नाही असे समजावे? एकट्याने काम करणाऱ्या तरुणाला ही शंका येतेच असे नाही. अशाच उणिवा आपल्या देशात पाहिलेला दुसरा अभ्यासक ती चटकन उपस्थित करतो. अशा सोबत्यांची गाठ पडावी, यासाठी वैज्ञानिक संघांची आवश्यकता असते.

लोकसंख्येच्या शास्त्रीय अभ्यासासाठी असा आंतरराष्ट्रीय संघ 1928 साली पॅरिस येथे स्थापन झाला. आज शंभराहून अधिक देशांत त्याचे सदस्य आहेत आणि विद्यार्थ्यांनाही त्यात प्रवेश आहे. दर चार वर्षांनी त्याची परिषद भरते. 1989 साली ती नवी दिल्ली येथे भरली होती. परिषदेत ज्येष्ठांच्या व्याख्यानांबरोबर भित्तिपत्रकांचीही सत्रे असतात. आपल्या संशोधनाचे सार एका फलकावर मांडून तरुण संशोधक त्यापाशी उभा राहतो आणि येणारे-जाणारे त्याला प्रश्न विचारतात. प्रश्न विचारणारा कित्येकदा त्याच्याच वयाचा असतो, आणि अशा भेटींतून पुढील पत्रव्यवहार व सहकार्य सुरू होते.

या संघाशी भारताचे नाते जुने आहे. डॉ. सी. चंद्रशेखरन हे देवनारच्या या संस्थेचे एके काळचे संचालक. 1969 ते 1973 या काळात ते संघाचे अध्यक्ष होते. त्यांचे सर्वांत प्रसिद्ध कार्य मात्र त्यापूर्वीचे आहे. बंगालमधील सिंगूर भागातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून त्यांनी अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्यासमवेत एक पद्धत सिद्ध केली आणि ती 1949 साली प्रसिद्ध झाली. प्रत्येक पंचायत सदस्याने समजून घ्यावी इतकी ती सोपी आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गावाच्या नोंदवहीत वर्षभरात 80 जन्म आहेत. घरोघर जाऊन स्वतंत्रपणे केलेल्या पाहणीत 75 जन्म आढळले. दोन्ही याद्या ताडून पाहता 60 नावे दोहोंत आहेत. म्हणजे 20 नावे केवळ नोंदवहीत आणि 15 केवळ पाहणीत आहेत. आता 20 ला 15 ने गुणून 60 ने भागले की 5 ही संख्या येते. हे 5 जन्म दोन्ही याद्यांतून निसटले असावेत. म्हणून एकूण जन्म सुमारे 100 होत. अट एकच : दोन्ही याद्या परस्परांपासून स्वतंत्र हव्यात. एकाने दुसऱ्याची यादी उतरून घेतली, तर हा सारा हिशेब निरर्थक ठरतो.

भारताच्या नमुना नोंदणी योजनेची उभारणीही दुहेरी नोंदीच्या तत्त्वावरच झाली आहे. 1964-65 साली प्रायोगिक स्वरूपात आणि 1969-70 पासून पूर्णांशाने ही योजना सुरू झाली. गावातील शिक्षक अथवा अंगणवाडी सेविका यांसारखी व्यक्ती वर्षभर जन्ममृत्यू टिपते. पर्यवेक्षक दर सहा महिन्यांनी स्वतंत्र पाहणी करतो. दोहोंत न जुळणाऱ्या नोंदी पुन्हा गावात जाऊन पडताळल्या जातात.

तरुण संशोधकांच्या परस्पर संपर्काचेही मर्म यातच आहे. दोघांनी स्वतंत्रपणे पाहावे आणि मग निष्कर्ष ताडून पाहावेत. एकमेकांची केवळ वाहवा करणाऱ्या मंडळींचा संघ कितीही मोठा झाला, तरी त्यातून ज्ञानाची वाढ होत नाही.

संघाची 2021 सालची परिषद हैदराबाद येथे भरावयाची होती. कोविडच्या साथीमुळे ती त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये दूरसंचार माध्यमातून पार पडली. प्रवासखर्च आणि प्रवेशपरवाना यांचा अडसर त्यामुळे दूर झाला, हे खरे. परंतु फलकापाशी उभे राहून होणारा संवाद आणि चहाच्या वेळी जुळणारी ओळख यांना तरुण मंडळी मुकली. यंत्राने अंतर कमी होते; विश्वास मात्र सहवासाने वाढतो. यास्तव विद्यापीठांनी तरुणांच्या प्रवासासाठी आर्थिक तरतूद करणे ही चैन मानू नये.

या कार्यात ग्रामीण महाराष्ट्राचा वाटा कोणता? 2019 ते 2021 या काळात देवनारच्या संस्थेने पार पाडलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातील 6 लाख 36 हजारांहून अधिक कुटुंबांची माहिती घेण्यात आली. दार उघडून खरी माहिती देणारी गृहिणी हा त्या संशोधनाचा पाया होय. तसेच 1969 च्या कायद्यानुसार जन्म व मृत्यू 21 दिवसांच्या आत कळविणे अपेक्षित आहे. अर्भकाचा मृत्यू ‘काय नोंदवायचा’ म्हणून सोडून दिला गेला, तर जगातील कोणत्याही परिषदेत त्या अर्भकाची दखल घेतली जाणार नाही, आणि त्या गावाला हवी असलेली आरोग्यसेवाही कागदावर अनावश्यक ठरेल.

म्हणून पंचायत सदस्यांनी आपल्या गावची नोंदवही वर्षातून एकदा तरी अंगणवाडीच्या नोंदींशी ताडून पाहावी. शिक्षकांनी गणित, भूगोल व अर्थशास्त्र यांत गती असलेल्या मुलामुलींना या शास्त्राची वाट दाखवावी. अधिकाऱ्यांनी क्षेत्रकार्यासाठी येणाऱ्या तरुण अभ्यासकास आवश्यक ती माहिती व सहकार्य द्यावे. त्याने गावातून नेलेला आकडा उद्या परदेशातील एखादा समवयस्क तपासून पाहणार आहे. तो आकडा खरा असावा, ही जबाबदारी गावाचीही आहे.