पोटाच्या अस्तरात रुजणारे दुखणे
(ट्रस्टच्या महोत्सवात पालकांच्या सभेत केलेले भाषण)



विषय थोडा संकोचाचा आहे. परंतु ज्या दुखण्यापायी मुली दर महिन्याला वर्गातून गैरहजर राहतात, त्याविषयी आम्ही शिक्षकांनीच मौन धरले तर बोलायचे कोणी?

पाळीत थोडेफार पोट पुष्कळ जणींचे दुखते. पण मुलगी दर वेळी अंथरूण धरू लागली, तर त्यामागे एंडोमेट्रिऑसिस हा आजार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पाळीच्या वयातील दर दहा स्त्रियांमागे सुमारे एकीला, म्हणजे जगात १९ कोटी स्त्रियांना, तो आहे.

आपल्या पोटाच्या पोकळीला आतून एक नितळ अस्तर असते. त्याला पर्युदर म्हणतात. अंड्याच्या कवचाआतील पापुद्र्यासारखे ते पातळ असते आणि त्याच्या पृष्ठावर पेशींचा एकच थर असतो. गर्भाशयाच्या आतला थर निराळा. तो दर महिन्याला गळून पाळीवाटे बाहेर पडतो. मात्र त्यातील काही अंश बीजवाहिन्यांतून उलट पोटात उतरतो. तेथेच या रोगाचे मूळ आहे, असे अमेरिकेतील डॉ. जॉन सॅम्पसन यांनी १९२७ साली मांडले.

पण हा उलटा प्रवाह बहुतेक सर्वच स्त्रियांत होतो. मग रोग थोड्यांनाच का? बी सगळ्या रानात पडते, परंतु वाफसा असेल तेथेच रुजते, तसे हे आहे. एरवी शरीराच्या रक्षक पेशी हा केर साफ करतात. काहींच्या बाबतीत तसे होत नाही. एडिंबरो विद्यापीठातील संशोधकांना २०१४ साली असे आढळले, की या रुग्णांच्या पर्युदराच्या पेशी साखर निराळ्या रीतीने वापरून लॅक्टेट अधिक तयार करतात. हे लॅक्टेट त्या पेशींना रुजायला साह्य करीत असावे, असे त्यांचे मत आहे. एकदा मूळ धरले की नव्या रक्तवाहिन्या फुटतात, स्त्रीसंप्रेरकाचे खतपाणी मिळते, सूज येते आणि मज्जातंतूंचे धागेही तेथवर वाढतात. म्हणून दुखते. काही रुग्णांत पर्युदराच्या पेशीच पालटून तशा बनत असाव्यात, असेही एक मत आहे.

यातून घेण्याचा बोध एकच. हे दुखणे सोंग नव्हे, नाजूकपणाचे लाड नव्हेत. पर्युदरावरचे हे बारीक ठिपके सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत. तेव्हा तपासणीत काही निघाले नाही, म्हणून मुलीला खोटे ठरवू नका. खात्री करायला कधी दुर्बिणीतून पोटात पाहावे लागते. लग्न झाले, मूल झाले की आपोआप बरे होईल, हा समजही सोडावा. तो उपचार नव्हे. रोग समूळ घालविणारे औषध आज नाही, पण वेदनाशामक औषधे, संप्रेरकांच्या गोळ्या आणि गरजेप्रमाणे शस्त्रक्रिया यांनी पुष्कळ आराम पडतो.

आयांना आमची विनंती एवढीच, की लेकीच्या दुखण्याचे दिवस दिनदर्शिकेवर टिपून ठेवा आणि ती टिपणे घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. वडीलमंडळींनीही यात लाज मानू नये. ट्रस्टने आपल्या मुलींना शाळेची वाट दाखवली. ती वाट दर महिन्याला अडू नये, हे पाहणे आपणा सर्वांचे काम आहे.