किती उचलले नव्हे, काय उचलले
(नाशिक येथील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



गोदाघाटावर सफाई मोहीम झाली की 'इतके टन कचरा उचलला' अशी बातमी येते. त्या कचऱ्यात काय होते, हे मात्र कुणी लिहून ठेवत नाही.

१९८६ साली अमेरिकेत, टेक्सासच्या समुद्रकिनाऱ्यावर, लिंडा मॅरनिस आणि कॅथी ओ'हारा या दोघींच्या पुढाकाराने सुमारे २,८०० स्वयंसेवक जमले. त्यांनी कचरा नुसता उचलला नाही, प्रत्येक वस्तूची नोंद केली. तीच पद्धत पुढे जगभर गेली.

आपल्याकडे प्लॅस्टिक म्हटले की दोष बाईच्या हातातल्या पिशवीला. २०१८ च्या राज्याच्या बंदीनंतर दंड भरते ती भाजीवाली. पण २०१६ च्या केंद्रीय नियमांनी वेष्टनांचा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. त्यांना जाब विचारायचा तर हाती आकडे हवेत.

म्हणून रामकुंडाच्या खालच्या अंगाला शंभर मीटर काठ ठरवू या. दर तीन महिन्यांनी तोच काठ. शाम्पूच्या पुड्या, वेफर्सची पाकिटे, बाटल्या, निर्माल्याच्या पिशव्या वेगवेगळ्या मोजायच्या. कंपनीचे नाव लिहायचे. कचरा वेचणाऱ्या बहिणींना सोबत घेऊ. कोणते प्लॅस्टिक भंगारवाला घेतो आणि कोणते घेत नाही, हे त्यांना हात लावताच कळते. मात्र त्यांना मजुरी द्यायची. आपण सवडीने येतो, त्यांचा रोज बुडतो.

२०२७ च्या सिंहस्थ स्नानांआधी ही वही सुरू झाली, तरच नंतर पडलेली भर आपल्याला दाखवता येईल.