बॉयलरच्या पोटातील माणूस

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात १८८६ साली टॉमस बार या कर्णवैद्याने बॉयलर बांधणाऱ्या १०० कामगारांचे कान तपासले. एकाचीही श्रवणशक्ती निर्दोष आढळली नाही. बाहेरून रिव्हेट ठोकले जात असता एक माणूस बॉयलरच्या पोटात बसून ते आतून दाबून धरी. घणाचा प्रत्येक घाव त्याच्या कानांवरच पडे.

अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत सुमारे १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. प्रचंड आवाजाने त्या प्रथम थकतात, पुढे मरतात. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. उच्च स्वर आधी हरपतात. म्हणून बोलणे ऐकू येते, पण ‘स’, ‘श’ निसटतात आणि शब्द उमगत नाही. वेदना नसल्यामुळे कामगाराला वाटते, घरची माणसेच हल्ली पुटपुटतात.

८५ डेसिबेलच्या आवाजात दिवसाला ८ तास ही मर्यादा सामान्यतः मानली जाते. दर ३ डेसिबेल वाढीला ही मुदत निम्मी करावी. यंत्राचा आवाज मुळातच कमी करणे हा खरा उपाय. ते न साधल्यास कानांत बोळे घालावेत. काम सुटल्यावर कान गुणगुणत असतील, तर तो इशारा समजावा. गेलेले श्रवण परत येत नाही; असलेले मात्र राखता येते.