पक्ष विसर्जित करणारा क्रांतिकारक

क्रांती करायला निघालेल्या प्रत्येकाने माणूस कसा असतो याबद्दल काहीतरी गृहीत धरलेलं असतं. तत्त्वज्ञ हॉब्जने इंग्लंडमधली यादवी पाहिली आणि 1651 मध्ये लिहिलं, की माणसाला धाक हवा. रूसोला वाटलं, माणूस मुळात चांगला, त्याला बिघडवलं समाजाने. या रूसोला गुरू मानणारा फ्रेंच राज्यक्रांतीतला नेता रोबेस्पिएर 1794 च्या फेब्रुवारीत म्हणाला, की सद्गुणाला दहशतीची जोड हवी. जुलैत त्याचंच डोकं गिलोटिनखाली गेलं.

माणसाबद्दलचं हे गृहीतकच तपासून पाहणाऱ्या एका क्रांतिकारकाबद्दल, मानवेंद्रनाथ रॉय यांच्याबद्दल, आज मी बोलणार आहे. बंगालमधला हा सशस्त्र क्रांतिकारक मेक्सिकोत जाऊन कम्युनिस्ट झाला. 1920 मध्ये मॉस्कोत, वसाहतींच्या प्रश्नावर त्यांनी थेट लेनिनशी वाद घातला. 1929 मध्ये कम्युनिस्ट इंटरनॅशनलने त्यांना काढून टाकलं, 1931 मध्ये मुंबईत अटक झाली आणि 1936 पर्यंत तुरुंगवास. तिथे ते विज्ञान आणि तत्त्वज्ञान वाचत, लिहीत राहिले.

रॉय अडखळले ते एका प्रश्नापाशी. नीती ही वर्गहिताची सावली आहे, असं मार्क्सवादी म्हणत. ठीक आहे. मग उद्या क्रांतीनेच अन्याय केला, तर तो अन्याय आहे हे कोणत्या मापाने ठरवायचं? माप क्रांतीच्याच हातात असेल, तर ती कधी चुकणारच नाही! स्टालिनच्या रशियाकडे पाहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पुस्तकी वाटणं शक्य नव्हतं.

रॉय यांचं उत्तर असं: विश्व नियमाने चालतं. माणूस त्याच विश्वात उत्क्रांत झाला, म्हणून विवेक त्याच्या शरीरधर्मातच आहे. आणि नीती येते ती या विवेकातून. चांगलं वागायला देवाचा धाक नको, पक्षाचा आदेशही नको.

मला यातला शेवटचा टप्पा लंगडा वाटतो. निष्णात लबाडही पक्का हिशेब करूनच फसवतो. बुद्धी त्याच्यापाशी कमी नसते. माझं स्वातंत्र्य इतरांच्या स्वातंत्र्यावर अवलंबून असतं, हे विवेकी माणसाला कळतं, असं रॉयवादी सांगतील. कळतं खरं, पण कळणं आणि वळणं यांत अंतर उरतंच. सहानुभूतीला, दुसऱ्याच्या दुःखाने हलून जाण्याला, रॉय यांच्या मांडणीत जागा थोडी कमीच आहे.

त्यांचा राजकीय निष्कर्ष मात्र मला टाळता येत नाही. लोकांची विचार करण्याची सवय बदलली नाही, तर सत्तापालटानंतर ते नव्या धन्यापुढे मान तुकवतील. म्हणून विचारातली क्रांती आधी. रॉय यांनी डिसेंबर 1946 मध्ये मांडलेल्या 22 सिद्धान्तांच्या केंद्रस्थानी व्यक्ती आहे; राष्ट्र किंवा वर्ग नाही. पक्ष सत्तेसाठी जगतो आणि अनुयायांना विचार करायला शिकवणं त्याला परवडत नाही, हे एकदा पटल्यावर रॉय यांनी 1948 मध्ये स्वतःचा रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षच विसर्जित केला.

टीकाकार म्हणतील, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. 1946 च्या निवडणुकीत हा पक्ष सपाटून हरला होता, तेव्हा शंका अगदीच निराधार नाही. पण पराभवातून सुचलेला विचार पराभवामुळे खोटा ठरत नाही.

महाराष्ट्रात हा विचार रुजला तो मोजक्या पण कसदार माणसांत. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी संस्कृत पंडित. त्यांना रॉय जवळचे वाटले. वि. म. तारकुंडे हायकोर्टाचे न्यायाधीश होते. पद सोडून वकिलीकडे वळल्यावर त्यांनी 1974 पासून जयप्रकाश नारायण यांच्याबरोबर नागरी हक्कांसाठी संघटना उभ्या केल्या. त्या निवडणूक लढवत नव्हत्या. सत्तेवर कोणीही असो, बेकायदा अटकेविरुद्ध अर्ज करत होत्या.